दोर नसलेली विहीर

फुलवंताबाई दोनाडकर दुसरीपर्यंत शिकली होती. तेवढ्या शिदोरीवर तिनं वडशात नाटक कंपनी चालवली, पिऊन आलेले नायक भर तालमीतून हाकलले, आणि एकदा पहिल्या रांगेत पाय पसरून बसलेल्या आमदाराला माइकवरून ऐकवलं, "साहेब, लोक नाटक पाहाले आले, तुमचे तळवे नाई." वाचायला बसली की अक्षरं बोटानं एकेक टिपायची, कोंबडी दाणे टिपते तशी. पण तोंड उघडलं की भलेभले चपला शोधू लागत.

तर अशी ही बाई धानकापणीच्या दिवसांत एका सकाळी नानाजी सहाऱ्यांना शोधत बोडीवर गेली. बोडी म्हणजे शेतातलं लहानसं तळं. नानाजी पाळीवर बसून गरी टाकून मासळीची वाट पाहत होते. एके काळी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, हंगामात झाडीपट्टीतल्या कुठल्याही गावी जा, मांडवाच्या फलकावर लेखक म्हणून त्यांचंच नाव असायचं.

"नानाजी, मले नाटक लिवाचं आहे."

नानाजींनी पाण्यावरची नजर काढली नाही. "लिवा. कोन अडवते?"

"मले येत नाई."

फुलवंताबाईच्या तोंडून हे ऐकायला मिळेल म्हणून अर्धा वडसा एक दिवस उपाशी बसला असता. नानाजींनी गरी वर ओढून बाजूला ठेवली.

"कोनाचं नाटक?"

"निरूपाचं."

निरूपा तिची एकुलती लेक. सावरगोंदीच्या भाकऱ्यांकडे दिलेली. दोन उन्हाळ्यांमागे ती घरामागच्या विहिरीत सापडली. पाणी काढताना पाय घसरला असं सासरच्यांनी सांगितलं, ठाण्यात तसंच लिहिलं गेलं. फुलवंताबाई त्या दिवशी विहिरीपाशी गेली तेव्हा रडायच्या आधी तिला एक गोष्ट दिसली. विहिरीला दोर नव्हता. घरात नळ आल्यापासून रहाटसुद्धा काढून टाकलेला होता. मग माझी लेक पाणी कशानं काढत होती, असं विचारत ती गावात घरोघर फिरली. भर दुपारची गोष्ट, भाकऱ्यांच्या अंगणाला लागून चार अंगणं. भांडण ऐकलं का? आरोळी ऐकली का? लोकांनी तिला बसायला दिलं, चहा दिला. कोणी 'हो' म्हणालं नाही आणि कोणी 'नाही'ही म्हणालं नाही. सगळे गप्प बसले.

"औंदा सावरगोंदीच्या मंडईचा खेळ आपल्या कंपनीचा आहे," फुलवंताबाई म्हणाली. "त्याच गावात, त्याच लोकायसमोर करीन. आई मीच होईन. ठान्यात नाई ऐकलं, तं मांडवात ऐकतील."

"आन शेवट?"

"शेवटासाठीच तं आली तुमच्याकडे."

नानाजी हसले. त्या हसण्यात काही दम नव्हता. "शेवट आता लिवते कोन, माय? शेवट कानवाला देते. म्हनून तं मी मासे धरून रायलो."

हा कानवाला काय ते सांगायला हवं.

झाडीपट्टीतला नट पाठांतर करत नाही. आज या गावात बाप, उद्या त्या गावात दरोडेखोर, परवा देव. पाठ करायला सवड कुठली? म्हणून जुन्या काळी रंगमंचाच्या तोंडाशी एक खड्डा असे आणि त्यात प्रॉम्प्टर बसे. त्यानं वाक्य खालून सोडायचं, नटानं ते उचलून मांडवाच्या शेवटच्या बांबूपर्यंत फेकायचं. नट गप्प झाला की विसरला असं समजून पुढचं वाक्य द्यायचं. ज्याच्या कानाच्या आणि जिभेच्या मध्ये मेंदू लुडबुड करत नाही तो चांगला नट, असं फुलवंताबाईचा नवरा मारोतराव म्हणायचा. तो कंपनीचा प्रॉम्प्टर होता. लग्न ठरायच्या आधी कित्येक हंगाम फुलवंता त्याच्या आवाजावर मंचावर हसली होती, रडली होती, सती गेली होती. माणसाशी लग्न नंतर लागलं, आवाजाशी आधीच लागलेलं होतं.

पुढे जंगलात वाघ वाढले. अंधारात पायवाटेनं मंडईला जाणं बंद झालं आणि रातभर चालणारी नाटकं दिवसा, पत्र्याच्या मांडवात होऊ लागली. उन्हात माणूस मिनिटामिनिटाला उठतो. याला तहान लागते, त्याला म्हैस आठवते. लोकांना बसवून ठेवणं जड गेलं, तेव्हा हे यंत्र आलं, कानवाला.

कंपनीचं यंत्र ऋतुजा गेडाम नावाची पोरगी चालवत असे. शहरात शिकून आलेली, पण बोलणं अजून मातीतलं. तिनं फुलवंताबाईला एकदा बांधावर उभं करून समजावलं होतं. "माय, हे धान पाहा. एकेक लोंबी वेगळी, पण वारा आला की अख्खी बांधी एकाच बाजूला लवते. मांडवातही तसंच होते." माणसं एकच गोष्ट जीव लावून पाहत असली की त्यांचे श्वास आणि काळजाचे ठोके हळूहळू एका लयीत येतात. शेजाऱ्याला शेजाऱ्याचं कळत नाही, पण येतात. मांडवाच्या आढ्याला टांगलेल्या चपट्या डब्या रेडिओच्या बारीक लहरी खाली सोडतात. छाती वरखाली झाली की परत येणारी लहर केसभर बदलते. त्या फरकावरून यंत्र हरेकाचा श्वास ओळखतं आणि हजार छात्यांची मिळून एक रेघ काढतं. रेघ सरळ धावली तर मांडव बांधला गेला. रेघ फाटली तर लोक उठणार.

यंत्र हजारो प्रयोगांवर शिकलेलं होतं. कोणत्या वाक्यानं लय जुळते, कोणत्या वाक्यानं तुटते, हे त्याला तोंडपाठ. लय फाटू लागली की ते तिथल्या तिथं नवं वाक्य घडवून नटाच्या कानातल्या बोंडात सोडी. नट तर जन्माचे कानावर जगणारे. खड्ड्यातून आलं काय, बोंडातून आलं काय, त्यांना सारखंच.

फरक पडला तो लिहिणाऱ्यांना. दोन अंक लिहायचे, तिसरा कोरा सोडायचा. आणि माणसाची लय सगळ्यात जास्त फाटते ती मनाला टोचलं की. म्हणून कानवाला टोचू देत नसे. तिसऱ्या अंकात दारूड्यानं दारू सोडलीच पाहिजे, सुनेनं परत आलंच पाहिजे, भावानं भावाच्या गळ्यात पडलंच पाहिजे. लोक हलक्या मनानं घरी जात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भावाविरुद्ध बांधाच्या भांडणाची तारीख गाठायला तालुक्याला जात.

"मले तसला शेवट नाई पायजे," फुलवंताबाई म्हणाली. "मले माहा शेवट पायजे."

"मंग बसा," नानाजी म्हणाले. "पन शिकवताना मले शिव्या द्याच्या नाई."

"ते नाई जमनार. बाकी सांगा."

शिकवणी बोडीवरच सुरू झाली. फुलवंताबाई लाखोरीच्या डाळीचे वडे बांधून आणायची आणि फोनमध्ये बोलून ठेवलेले प्रवेश ऐकवायची. पहिल्या दिवशी नानाजींनी पूर्ण पहिला अंक ऐकला, दोन वडे खाल्ले आणि विचारलं, "हे सासू सकाळी उठून काय खाते?"

"मानसं खाते."

"नाटकात तिले भात खाऊ द्या."

"नानाजी, तुमी तिच्या बाजूनं आहा काय?"

"मी नाटकाच्या बाजूनं आहो. राक्षसिनीनं सून मारली तं लोक म्हनतात, आमी कुटं राक्षस आहोत. उठतात, घरी जातात, भात खातात. ते त्यायच्यासारखीच दिसली पायजे. तिचे गुडघे दुखू द्या. तिले कायचं तरी भेव वाटू द्या."

"भेव? अनुसयाले?" फुलवंताबाईनं वड्यांचा डबा बंद केला आणि चालू लागली. आठवडाभर ती बोडीकडे फिरकली नाही. नानाजींच्या सात पिढ्यांचा उद्धार तिनं घरात एकटीनंच केला.

पण कोंडा दळत बसलं तरी जातं फिरतच असतं. निरूपाच्या सासूचे, अनुसया भाकरेचे, गुडघे खरंच दुखत. लग्नात तिनं निरूपाला आपल्या हातानं पहिला घास भरवला होता, तो खोटा नव्हता. आणि तिला भेव होतं. पोरगी नाटकवाल्यांची. आपला दिगांबर बायकोच्या नादानं वडशाला निघून जाईल आणि आपण या घरात दुखत्या गुडघ्यांसोबत एकट्या मरू, हे भेव. फुलवंताबाईनं एका दुपारी दार लावून घेतलं आणि ते सगळं सासूच्या तोंडी घातलं. बोलताना ती रागानं रडत होती. ज्या बाईचं नाव घेऊन ती रोज सकाळी चूळ थुंकायची, तिला तिनं नाटकातलं सगळ्यात चांगलं भाषण दिलं.

नानाजींनी ते ऐकलं आणि कितीतरी वेळ गरी पाण्यात टाकलीच नाही.

"आता तुमाले लिवता येते," ते म्हणाले. "पन पुरं करता येते काय ते पाहू."

पुरं करणं काही जमेना. पहिल्या शेवटात आईनं सासूला त्याच विहिरीत ढकललं. "टाळ्या पडतील," नानाजी म्हणाले. "मंग? मंग लोक टाळ्या घेऊन घरी जातील." दुसऱ्या शेवटात कोर्ट आलं, काळे कोट आले, जन्मठेप झाली. "हे तुमाले पायजे म्हनून लिवलं. झालं काय असं?" फुलवंताबाईनं मान हलवली. तिसऱ्यात निरूपा भूत होऊन आली. नानाजी वैतागले. "मेलेल्या पोरीले तरी कामाले लावू नका, माय. आपल्याले सुचत नाई तेवा आपन भुतं बोलावतो."

"मंग काय लिवू? डोस्कं फोडू?"

"त्या लोकायनं तुमाले काय देल्लं, ते पाहा."

"चहा देल्ला."

बोडीवर एक ढोक बगळा एका पायावर उभा होता. फुलवंताबाई त्याच्याकडे पाहत राहिली. लोकांनी चहा दिला, आणि मग ते गप्प बसले. घरोघर. तो गप्पपणा ती गेले दोन उन्हाळे उशाखाली घेऊन झोपत होती.

"तोच परत करीन," ती हळूच म्हणाली.

शेवट असा ठरला. दोर नसलेल्या विहिरीपाशी आई येते. तिच्या हातात दोराचं वेटोळं आहे. ती सासूकडे पाहत नाही, लोकांकडे पाहते आणि एकच विचारते, "हिची हाक कोनी ऐकली?" आणि मग कोणीच बोलत नाही. मंचावरही नाही, मांडवातही नाही. ती उभी, लोक बसलेले. सोसवेनासं झालं की पडदा.

नानाजींनी डोळे पुसले आणि घामाचं निमित्त केलं. "हा शेवट मले जन्मात सुचला नसता. आता लिवून ठेवा. गप्प राहाचं आहे, हे पन लिवून ठेवा."

"काऊन? कोन्या येड्यानं ते मोठ्यानं वाचाव म्हनून?"

या बोलण्याला कारण होतं. झाडीपट्टीच्या संहितेत फक्त बोलायची वाक्यं लिहितात. बाकीचं सगळं तालमीत तोंडी ठरतं. एकदा एका नव्या लेखकानं कंसात 'रडतो' असं लिहिलं. खड्ड्यातल्यानं ते वाचलं, आणि नायकानं मेलेल्या बापावर हात ठेवून पहाडी आवाजात सांगितलं, "रडतो." लोक हसून हसून लोळले. तेव्हापासून कागदावर फक्त बोल, हा नियम. फुलवंताबाईनं नियम पाळला. तिच्या संहितेत शेवटचं वाक्य 'हिची हाक कोनी ऐकली' हे होतं. त्याखाली काही नव्हतं. पुढे गप्प राहायचं हे तिनं नटांना तालमीत समोर बसवून सांगितलं, आणि जो तोंड उघडेल त्याचं तोंड ती कायमचं शिवेल असंही सांगितलं. मशीनला तालमीत कोणी बोलावत नाही.

कानवाल्याशिवाय खेळ करायचं तिच्या मनात आलं होतं. पण मंडईवाले ऐकेनात, नट ऐकेनात, आणि खरं म्हणजे तिचं स्वतःचंही त्याच्याशिवाय चालणार नव्हतं. आयुष्यात तिनं एक ओळ पाठ केली नव्हती. आपलंच लिहिलेलं भाषण दुसऱ्या दिवशी तिला परक्याचं वाटे.

"कुलूप लावते, माय," ऋतुजा म्हणाली. "तुमच्या संहितेतल्या एकाही वाक्याला मशीन हात लावणार नाही. जसं लिहिलं तसंच कानात येईल."

"लेकीची शपथ घे."

"मला लेक कुठं आहे? लग्नच नाही झालं."

"मंग होनाऱ्या लेकीची घे."

ऋतुजानं हसत शपथ घेतली, आणि ती पाळली. फुलवंताबाईनं आणखी एक मागितलं. मशीनचा बाईचा गुळगुळीत आवाज तिला नको होता. मारोतराव जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण जुन्या प्रयोगांच्या ध्वनिफितींत खड्ड्यातला त्याचा आवाज पकडला गेला होता. ऋतुजानं त्यावरून आवाज बांधून दिला. पहिल्यांदा बोंड कानात घालून ऐकलं तेव्हा फुलवंताबाई एवढंच म्हणाली, "मेला, तिकडे जाऊन पन सर्दी गेली नाई याची."

सावरगोंदीच्या मंडईला घरोघर पाहुणे होते. माहेरवाशिणी आल्या होत्या, सोयरिकी जुळत होत्या, मांडवामागे वड्यांची कढई उकळत होती. फलकावर नाटकाचं नाव ठळक होतं, 'दोर नसलेली विहीर'. गावात कोणाला कळलं नाही असं नाही. तरी मांडव भरला. न येणं म्हणजे काहीतरी कबूल करण्यासारखं होतं. पहिल्या रांगेत अनुसया भाकरे दुखरा पाय लांब करून बसली होती, शेजारी दिगांबर, त्याची नवी बायको, तिच्या मांडीवर तान्हं. चार खुर्च्या सोडून, मागच्या रांगेत, गिरजा बसली होती. तिचं अंगण भाकऱ्यांच्या विहिरीला लागून.

नाटक सुरू झालं आणि मांडव बांधला गेला. निरूपाचं काम करणारी पोरगी हसली तेव्हा लोक हसले. सासूचं भाषण आलं, गुडघे, भेव, एकटं मरण. पहिल्या रांगेतल्या अनुसयानं तोंडाला पदर लावला. पडद्याआड ऋतुजा समोरची रेघ पाहत होती. इतकी सरळ रेघ तिनं कधी पाहिली नव्हती. हजार माणसं एका छातीनं श्वास घेत होती.

फुलवंताबाई दोर घेऊन आली. कानात मारोतराव वाक्य देत होता, तिचेच शब्द, एकही इकडचा तिकडे नाही. ती पुढे आली, लोकांकडे वळली.

"हिची हाक कोनी ऐकली?"

आणि गप्प राहिली.

पहिल्यांदा लोकांना वाटलं, ती बोलेल. मग कळलं की ती बोलणार नाही. खुर्च्या करकरल्या. दिगांबर आपल्या चपलेकडे पाहू लागला. मागे कोणी खोकलं आणि खोकल्याची लाज वाटून थांबलं. ज्या गप्पपणात त्यांनी तिला बसवलं होतं त्यात आता ते स्वतः बसले होते, आणि तिथं बसायला किती टोचतं ते त्यांना कळत होतं. फुलवंताबाईला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी पुरं केलं.

तेवढ्यात गिरजा उठली. पुरती नाही. पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून अर्धी उठली, गळ्याची शीर ताणली गेली, आणि तिचं तोंड उघडलं.

ऋतुजाच्या समोरची रेघ चिंध्या झाली होती. हजार श्वास हजार दिशांना. कुलूप वाक्यांना होतं, आणि इथं वाक्य नव्हतं. यंत्राला दिसत होतं ते एवढंच, की मांडव फुटतो आहे आणि नटी गप्प उभी आहे. गप्प नट म्हणजे विसरलेला नट. प्रॉम्प्टरनं अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे.

मारोतराव कानात म्हणाला, "जाऊ द्या, विहीनबाई. विहिरीनं नेलं माह्या लेकीले, मानसानं नाई."

कान आणि जीभ यांच्यामध्ये लुडबुड करायला कोणी नव्हतं. वाक्य कानात पडायचा आणि तोंडातून सुटायचा एकच क्षण होता. तिच्या त्या नावाजलेल्या आवाजात, मांडवाच्या शेवटच्या बांबूपर्यंत, फुलवंताबाई म्हणाली,

"जाऊ द्या, विहीनबाई. विहिरीनं नेलं माह्या लेकीले, मानसानं नाई."

गिरजा खाली बसली.

मांडवानं श्वास सोडला. एकदम, एकाच लयीत. मग हुंदके आले, मग टाळ्या. मंचावरच्या सासूच्या कानात तिचं वाक्य पोचलं होतं. ती येऊन फुलवंताबाईच्या गळ्यात पडली. आणि मग खरी अनुसया उठली. दोघांचा आधार घेत, एकेक पायरी दुखत दुखत चढून ती मंचावर आली, विहीणभेट करायला. कोणीतरी धावत जाऊन साडी आणली, कोणी कुंकू आणलं. "लय मोठं मन केलं, माय तुमी," अनुसया रडत म्हणाली, आणि ते रडणं खरं होतं. फुलवंताबाईनंच तिला तसं लिहिलं होतं. कानात मारोतरावानं पुढचंही तयार ठेवलं होतं, "या, विहीनबाई, या." फुलवंताबाईनं बोंड उपटून काढलं. पण आता ते असलं काय आणि नसलं काय.

पडद्यामागे ऋतुजा हमसून रडत होती. "मी कुलूप लावलं होतं, माय. एकही शब्द बदलला नाही. तपासून पाहा. त्याला वाटलं, तुम्ही विसरल्या."

"विसरलेल्याले सांगनं हेच त्याचं काम," फुलवंताबाई म्हणाली. "माहा नवरा जन्मभर दुसरं काय करत होता?" ती शिव्या देईल याची ऋतुजा वाट पाहत होती. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलवंताबाई गिरजाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तिथून भाकऱ्यांची विहीर दिसत होती. गिरजानं बसायला दिलं, चहा दिला.

"काल तू उठली होती. काय बोलनार होती?"

गिरजानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "आता कायले, माय? तुमीच तं म्हनलं ना, विहिरीनं नेलं. आईच म्हनते तं आमी कोन?"

चहावर साय धरली. फुलवंताबाईनं तो प्यायला नाही, पण टाकलाही नाही.

नाटक गाजलं. शेवटाची चित्रफीत फोनाफोनी फिरली. शेजारच्या तालुक्यांतून मंडळं येऊ लागली, आम्हालाही तोच खेळ हवा, विहीणभेटीचा. ज्या घरांत सुना मेल्या होत्या, तिथून जास्त बोलावणी येत. नट खूश होते, हंगाम चांगला जाणार होता. फुलवंताबाई मात्र बोडीवर गेली.

"नानाजी, शेवट नवा लिवून द्या. बोल घालून द्या त्यात. लखलखीत, मशीनले जागाच नाई राहाव असे."

नानाजींनी गरीला नवं गांडूळ लावलं. "लिवीन. पन कोनासाठी? लोकायनं ऐकला तो शेवट, माय. लिवलेला नाई."

"नाई," ती म्हणाली. "माहा शेवट बरोबर होता. कान चुकला माहा."

पुढच्या खेळाला, दुसऱ्या एका गावी, ती दोर घेऊन विहिरीपाशी आली आणि लोकांकडे वळायच्या आधी तिनं कानातलं बोंड काढून पदराच्या गाठीत बांधलं. मग तिनं विचारलं, "हिची हाक कोनी ऐकली?" आणि ओठ मिटून घेतले. आता कानात कोणी नव्हतं, मारोतराव नाही, मशीन नाही. ती नुसती उभी होती, जन्मात पहिल्यांदा आपल्या स्वतःच्या गप्पपणात.

लोक वाट पाहत राहिले. कोणी अस्वस्थ नव्हतं. त्यांना पुढचं ठाऊक होतं.

पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीला वाटलं, बाई विसरली. कीव आली तिला. ती पुढे वाकली आणि घरच्या माणसाला सांगावं तशी हळूच म्हणाली, "माय, विहिरीनं नेलं म्हना."

मागून एकानं ते उचललं. मग त्याच्या मागच्या रांगेनं. बायकांच्या बाजूनं आवाज आला, मग पुरुषांच्या. पोरंही म्हणू लागली, शाळेत पाढे म्हणतात तशी. शेवटी अख्खा मांडव एका श्वासात, एका लयीत म्हणाला, "विहिरीनं नेलं माह्या लेकीले, मानसानं नाई," आणि डोळे पुसत टाळ्या वाजवू लागला.

फुलवंताबाईनं तोंडातून शब्द काढला नव्हता. त्याची कोणाला गरज पडली नाही. मंचावरची सासू येऊन तिच्या गळ्यात पडली, पडदा सरकत आला. तिच्या हातात दोर तसाच होता, सोडायला विहीर नसलेला.